कासिल्दाने उघडलेला खड्डा

माझी शेजारीण कासिल्दा तेवीस वर्षं नवऱ्याच्या दारूच्या भट्टीसाठी फळं चिरत आली होती. अननस, पेरू, पिकली केळी, डोंगरातली आंबट सफरचंदं. दालचिनी आणि बडीशेप निवडायची तीच. तांब्याच्या हंड्याला मात्र हात लावायचा तो नवऱ्याने, एर्कुलानोने. बाई हंड्याजवळ गेली की मेस्काल, म्हणजे घायपाताची दारू, नासते, असं आमच्या गावात म्हणत.

त्या मार्चमध्ये एर्कुलानोने घायपाताचे गड्डे तापल्या दगडांच्या खड्ड्यात रचले, वर माती लोटली, आणि दुसऱ्या दिवशी जेवता जेवता छातीला हात लावून गेला.

घरात नऊ दिवसांची प्रार्थना बसली. गड्डे पुरल्याला पाच दिवस झाले, तशी कासिल्दा सकाळी फावडं घेऊन निघाली. दीर फेलिसियानो दारात आडवा आला.

"वहिनी, भावाची माती अजून ओली आहे. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत, भावजी. आज खड्डा उघडला नाही तर सगळं सडेल. आठ वर्षं वाढवलेत त्याने ते गड्डे."

"आणि हंडा कोण चढवणार? तू?"

"मग तुम्ही चढवता?"

फेलिसियानो दारातून बाजूला झाला. त्याने जन्मभर कौलंच भाजली होती.

तिने गड्डे कुऱ्हाडीने फोडले, घोडा दगडी चाकाला जुंपला, चोथा पिंपांत आंबवला. दोनदा हंड्यात उकळून वाफेची दारू गाळून घेतली. तिसऱ्या खेपेला फळं-मसाला घातला, चवीसाठी वाफेत टर्कीच्या छातीचं मांस टांगलं. मी जाळ सारत होते. वेळूच्या नळीतून तिने धार वाटीत सोडली. बुडबुडे कडेला मोत्यांसारखे टिकून राहिले, म्हणजे दारू नीट उतरली होती. तेव्हा ती रडली. दफनाच्या दिवशी रडली नव्हती.

"एवढंच होतं गं," ती म्हणाली. "एवढ्यासाठी तेवीस वर्षं मला लांब उभं केलं त्याने."

मी जाळात आणखी एक लाकूड सारलं.

चाळिसाव्या दिवशी, चर्चमधून परतल्यावर, तिने सगळ्यांना ती दारू वाढली. फेलिसियानोने चार थेंब भावासाठी जमिनीवर सांडले, मग प्याला.

"जरा जहाल झालीय," तो म्हणाला.

"त्याला सौम्य आवडायची. मला अशीच आवडते."

त्याने वाटी पुन्हा पुढे केली.

कासिल्दाने पुढे अकरा वर्षं भट्टी चालवली. लग्न असो, बारसं असो, मयत असो, गाव तिच्याकडेच यायचं. लाकडं फेलिसियानो आणून टाकायचा.