शून्य वस्तीचं गाव

आमच्या गडचिरोलीच्या कचेरीत कम्प्युटरच्या थंड खोलीत शिरताना सगळे चपला बाहेर काढत. तिथल्या प्रमुख रामटेके बाई मात्र नवा प्रोग्राम लिहायचा म्हटला, की आधी चपला चढवून जीप मागवायच्या. “ज्याच्यासाठी लिवाचं त्याचं तोंड त पाह्यलं पाह्यजे,” हे त्यांचं ठरलेलं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी नागपूरहून नुकताच शिकून आलो होतो आणि मला शिंगं फुटली होती. हिवतापाच्या फवारणीसाठी गावांची यादी काढायचं काम आलं, तेव्हा मी बसल्या जागी पुढच्या पिढीचीही सोय करून ठेवली. न आलेल्या रोगांसाठी रकाने, न बांधलेल्या दवाखान्यांसाठी रकाने. शिवाय जी गावं उठून गेलीत आणि कागदावरच उरलीत, ती रिठी गावं आपोआप गळतील असा नियम.

“हे रकाने कोनं मांगले?” बाईंनी विचारलं.

“पुढे लागतील, बाई.”

“लागन तवा लिवू. अन् रिठी गावात कोनी नाई, हे तू पाह्यलं?”

“जनगणनेत शून्य आहे. तिथे काय भुतं राहतात?”

“असन त भुतालेबी यादीत घेऊ. पन पाहून.”

दुसऱ्या दिवशी धानोऱ्याच्या पुढे नाल्याशी जीप थांबवून आम्ही चालत गेलो. भर दुपार होती. घरं धड उभी. अंगणातलं सारवण अजून ओलं, चुलीतली राख गरम, दोरीवरच्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. माणूस मात्र एकही नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. बाईंनी हाक मारली, पण सागवानातून ओ आली नाही. कुणीतरी श्वास रोखून आपल्याकडे बघतंय, एवढं मात्र मला कळत होतं.

“सरकारी जीप आयकली का पळते हे लोक, जंगलातून उठवतीन म्हनून,” बाई हळूच म्हणाल्या. “गिनतीवालेबी असेच येऊन शून्य लिवून गेले असतीन.”

लोकांनी बुजू नये म्हणून त्या जंगलाकडे पाठ करून पडवीत बसल्या. डास फोडून काढत होते. मी ‘चला बाई, चला बाई’ करत होतो. दिवस कलला तेव्हा झाडीतून एक खोकला आला. बाई हसल्या. “शून्य नाई ना?”

माझा नियम त्यांनी खोडला. पण फवारणीचे साहेब अडले. म्हणाले, तिथे हिवताप आहे हे दाखवा, मगच माणसं पाठवतो. पंधरवडा उलटायच्या आत बाई तापानं फणफणल्या. रक्तात हिवताप निघाला. दवाखान्यात त्यांनी माझं मनगट धरलं. “हा ताप तिथलाच, हे काई पक्कं नाई. पन आता साहेबाले पाहाले त लागनच. रिपोट दाखव त्याले.” दोन दिवसांनी त्या गेल्या. मी आईसाठी रडलो नव्हतो इतका रडलो.

साहेबांनी फवारणीची टोळी पाठवली. परत आलेला मुकादम म्हणाला, “भाऊ, कोनी पळालं नाई. तुमच्या बाईनं सांगून ठेवलं होतं म्हने, भिऊ नोका, फवारावाले येतीन.”

“बाई कधी गेल्या होत्या तिथे?”

“जाते कुठी? ते त तिथीच राहून राह्यली म्हने.”

बाईंना जाऊन महिना झाला होता. मुकादमानं माणसं मोजून आणली होती. शून्य पुसून मी तो आकडा भरला. त्यात एक मिळवावा का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.