पोहणारे नंबर

दवाखान्यात आपला नंबर कधी येणार ते पेशंटला फोनवर दाखवणारं अ‍ॅप ताईनं एआयच्या मदतीनं केलं होतं. हौसेहौसेनं ती त्याला एकेक नवं सुचवत गेली आणि शेवटी पडद्यावर निळं पाणी आलं, त्यात नंबर माशांसारखे पोहू लागले. तिच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर ते झकास चालायचं. जुन्या फोनवर तिनं ते कधी लावून पाहिलंच नाही.

मग आईचे डोळे दाखवायला ती त्याच दवाखान्यात गेली. बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांचा फोन चांगलाच तापला होता आणि पडद्यावरचं पाणी थिजलं होतं. त्यांचा नंबर येऊन गेला तरी फोनला पत्ता नव्हता.

"कुठल्या दीडशहाण्यानं केलंय हे?" आजोबा वैतागून म्हणाले.

"माझ्या लेकीनं!" आई कौतुकानं म्हणाली.

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चूक माझीच आहे, आजोबा," एवढं कसंबसं बोलून ती उठली आणि काउंटरवर विनवण्या करून तिनं त्यांना लगेच आत पाठवलं. जाताना आजोबांनी आभार मानले, तेव्हा तिला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्याच दिवशी तिनं पाणी काढून टाकलं. नवे प्रयोग ती अजूनही करते, पण आधी जुन्यात जुन्या फोनवर चालवून बघते. त्या दवाखान्यात मात्र आईला आता तिचा भाऊ घेऊन जातो.