पाचव्या महिन्याची ओटी

तांदूळ निवडायला घेतले होते. निम्मे झाले असतील, तेवढ्यात ज्योत्स्नाबाई मागल्या दारानं आत आल्या. त्यांच्यामागं रूपा. (तिचं आणि तिच्या घरच्यांची नावं इथं बदलून लिहिते आहे.)

ज्योत्स्नाबाई आमच्या वडिवळ्याच्या नर्स. घोरावाडीहून येतात. गाडी देवळापाशी लावतात, कुणाच्या दारात नाही, कारण नर्सची गाडी दिसली की त्या घराची गावभर चर्चा. रक्तसुद्धा प्रत्येक गरोदर बाईचं तपासतात, म्हणजे कुणा एकीकडं बोट जात नाही. नाजूक बोलायचं असलं की माझं स्वयंपाकघर मागतात आणि मी उठून देवापाशी जाऊन बसते. आज मात्र रूपानं पदर धरला. "काकू, बसा हितंच. मला एकटीला न्हाई ऐकवत."

रूपा वरच्या ठाकरवाडीतली. पाचवा महिना. पहिलं पोटातच गेलेलं. आता रक्तात गरमीचा, नवरा-बायकोत एकमेकांना लागणारा आजार निघाला. तिनं पहिली सुई घेतली. नवरा विकास लोणावळ्यात एका बंगल्यावर कामाला, रात्री घरी येतो; तो सुई घेत नाही.

"फोनवर म्हणतो, मी रोज आंघोळ करतो, मला कसला आजार!" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "आंघोळीनं जात असता तर मी साबणच वाटला असता."

रूपा हसली, आणि हसताहसताच रडायला लागली.

"त्यानं सुई घेईपर्यंत लांब राहायचं. नाहीतर तुला पुन्हा होईल, बाळालाही लागेल."

"एकच खोली हाय, शिस्टर. न्हाई म्हणलं का हात उगारतो."

ज्योत्स्नाबाईंनी विचारलं, "माहेरी जातेस? राहिलेल्या सुया मी तिथं येऊन देईन."

"आत्ताच गेले तर वाडी म्हणंल, नवऱ्यानं टाकली."

सातव्यात ओटी भरायची, मग माहेरी धाडायची, ही रीत. मी म्हटलं, "पाचव्यातही भरतात की. मी भरते. चारचौघींच्या देखत खण-नारळ घेऊन गेलेलीला टाकलेली कोण म्हणंल?"

संध्याकाळी तिची सासू आली. नाव बाया. "काय नंदाबाई, माज्या सुनंची लयच माया आली? पाचव्यात कसली घाई?"

"पहिलं गेलं ना, म्हणून."

बाया उंबऱ्यावर बसून राहिली. चहा निवून गेला. उठताना म्हणाली, "न्या. पन माज्या ल्येकाचं नाव काडू नगा कुटं."

एकवीरेला हात जोडले, पण मन थाऱ्यावर नाही. रूपा माहेरी गेली तरी परत त्याच खोलीत यायची आहे. ज्योत्स्नाबाईंना फोन केला, तर म्हणाल्या, "ओटीनं थोडे दिवस मिळतील, नंदाताई. एवढंच."

उद्या त्या लोणावळ्याला जाणार आहेत. विकास कामावरून सुटेपर्यंत बंगल्याच्या फाटकाबाहेर थांबणार आहेत.