बाकीचं गुरुवारी

गुरुवारी दुपारी एजे स्टँडवर आली तेव्हा माझ्या गाडीत सात माणसं होती. गाडी पंधराची. भरल्याशिवाय आमच्या इथे कुणाचीच निघत नाही. एजे म्हणजे कालिचा, माझी थोरली बहीण. आमच्या बोलीत एजे म्हणजे ताई, बाइके म्हणजे दादा; सगळं गावच तिला एजे म्हणायचं, एकतीस वर्षं वाचनालयात होती. कोटाच्या आत काहीतरी धरून उभी राहिली.

"तोलो, मला पुलापलीकडे सोड. आत्ता."

"अजून आठ जण येऊ दे, सोडतो."

"पुलापलीकडची ती पोरगी, झिपार, आली नाही रे. दोन गुरुवार झाले."

"परीक्षा असेल, सर्दी असेल. तुझ्या पुस्तकावाचून कुणी मरत नाही, एजे."

गाडीतले हसले. ते हसले म्हणून मला बरं वाटलं. हे लिहिताना बोट थांबतंय, पण तिच्याबद्दल दोन शब्द लिही असं ज्यांनी सांगितलं त्यांनी खरं ते वाचावं.

"बरं. तू भर गाडी," म्हणाली आणि चालत निघाली. नोव्हेंबर संपत आलेला, रस्त्यावर बर्फाची काच झालेली.

पाऊण तासाने गाडी भरली. पुलाच्या अलीकडे माणसं रस्ता अडवून उभी होती. मी हॉर्न वाजवला. दोनदा वाजवला. मग माणसं बाजूला झाली आणि मला एजेचे बूट दिसले.

हृदय, डॉक्टर म्हणाले. एवढ्या थंडीत चढाला चालायला नको होतं.

आता ती कशी होती ते सांगतो. मी सातवीपर्यंत शिकलेला, चुकलं तर चालवून घ्या.

वाचनालय म्हणजे एक खोली, एक शेगडी, एक जुना टीव्ही. गावातली निम्मी पोरं आज्यांकडे वाढतात, आईबाप मॉस्कोत. रविवारी फोन येतो. पुढे पुढे तोही येत नाही. अशी पोरं एजेकडे यायची, शेगडीपाशी बसायची.

बारा वर्षांपूर्वी एरमेक नावाचा मुलगा होता, सतरा वर्षांचा. एके दिवशी जाड पुस्तक परत घेऊन आला, बाहीने बर्फ पुसला, टेबलावर ठेवलं. "वाचून झालं, एजे." एजे म्हणाली शाबास. त्याच संध्याकाळी त्याने जीव दिला.

तेव्हा ती माझ्या घरी येऊन बसली, जेवेना. "सगळं परत करून गेला रे तोलो," एवढंच. "न्यायचं काही ठेवलंच नव्हतं मी."

त्यानंतर तिने पुस्तकं उसवायला घेतली. ब्लेडने शिवणीचा दोरा कापायचा, दोन भाग करायचे, पिठाची खळ लावून पुठ्ठा चिकटवायचा. पोरांना पहिला भाग द्यायची. बाकीचं गुरुवारी. पहिला परत आणायचा, स्वतः यायचं, दुसऱ्याच्या हाती पाठवलेलं चालणार नाही, आणि चहा पिऊन जायचं. शनिवारी सिनेमा लावायची तोही मधेच बंद करायची. पोरं बोंबलायची, "एजे, निदान ती पोलिसाला सापडते का तेवढं तरी सांगा!" "पुढच्या शनिवारी जिवंत असलास तर कळेल," ही म्हणायची. सगळे हसायचे. ती हसायची नाही.

जिल्ह्याचा तपासनीस आला. "सरकारी पुस्तकं फाडता?"

"फाडत नाही. उसवते."

पगार कापला त्याने. ती उसवतच राहिली.

मी कधी कधी तिला न्यायला जायचो तेव्हा ऐकायचो. स्वतःबद्दल तोंड न उघडणारी पोरं पुस्तकातल्या माणसाला शिव्या घालायची. "हा गाढव आईला पत्र का नाही लिहीत?" एजे चहा ओतायची, "हो ना, का नाही लिहीत?" आणि थोड्या वेळाने ते पोर आपल्याच आईबद्दल बोलत असायचं. दोघांना तर ती मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, माझ्याच गाडीतून. पुस्तकाच्या हाताबाहेरचं काय ते तिला कळायचं. मला वाटायचं बाईला उद्योग नाही.

ती गेली तेव्हा रीतीप्रमाणे दुखवट्याचा तंबू उभारला, रडलो, दफन केलं. तिसऱ्या दिवशी बायकोने कपडे वाटायला काढले आणि कोट माझ्यापुढे धरला. अस्तरात काहीतरी टणक. पुस्तकाचा मागचा अर्धा भाग. पुठ्ठ्यावर एजेचं अक्षर. मी एकेक अक्षर लावून वाचलं. झिपार. बाकीचं.

तीन दिवस आम्ही दोनशे माणसांना जेवू घातलं आणि त्या पोरीला कुणी विचारलं नव्हतं.

स्टँडवर गाडीत चार जण बसलेले. "उतरा," म्हणालो.

"डोकं फिरलं का रे? भरू दे की!"

"उतरा!"

रिकामी गाडी घेऊन गेलो. पोरगी सोळा वर्षांची, आजी ठार बहिरी, आईने मॉस्कोत दुसरा संसार मांडला. एवढंच ठाऊक होतं. त्यांच्या धुराड्यातून धूर नव्हता. मी दार ठोकलं. मग लाथा घातल्या. देवाला काय काय बोललो ते लिहीत नाही.

दार झिपारनेच उघडलं. शाल गुंडाळलेली, केस न विंचरलेले, डोळे खोल गेलेले.

"एजे कुठंय?"

मी सांगितलं. कुठे, कशी, सगळं. ती रडली नाही. चौकटीला धरून उभी राहिली.

"माझ्याकडे येत होती?"

"हो. पण मी गाडीतून आणली नाही म्हणून गेली. तुझ्यामुळे नाही. ऐकतेस का? माझ्यामुळे."

पुस्तक पुढे केलं. तिने घेतलं नाही, आत गेली. बराच वेळ आली नाही, मी घाबरून हाक मारणार तेवढ्यात पहिला भाग घेऊन आली. "आधी हा द्यायचा असतो."

मग दुसरा हातात घेतला, अंगठ्याने जाडी पाहिली. "हे संपलं की?"

एजेकडे याचं उत्तर असतं. मी ते तिच्या हातातून परत घेतलं, खिशातला चाकू काढला, मेंढ्या सोलतो तो, आणि मधोमध शिवणीत घातला. दोरा तुटला आणि त्याच्याबरोबर एक पान टर्रकन फाटलं.

"अहो बाइके!" पोरगी ओरडली. "असं नसतं करायचं! द्या इकडे!"

चाकू मी दिला नाही. पुस्तक तिच्यापुढे धरलं, आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसून एकेक टाका नखाने सोडवायला लागली.