अर्ध्यावर राहिलेलं गोंदण

आधीच सांगून टाकते... भूत, हडळ, अंगात येणं, यातलं मला काहीही पटत नाही. गावाकडे कुणी असलं सांगायला लागलं की मी उठून आत जाते. इथले अनुभव वाचतानाही 'या माणसाला नीट झोपायची गरज आहे' असं मी कितीदा तरी मनात म्हटलंय. आता माझ्यावरच लिहायची वेळ आलीय, तर हसा बिनधास्त. फक्त शेवटपर्यंत वाचून हसा.

मी शहापूरला राहते, हायवेलगतच्या एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. माहेर मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. मागच्या हिवाळ्यात सातवा लागला आणि पहिलं बाळंतपण म्हणून मी आईकडे गेले. तपासणी मात्र शहापूरच्याच डॉक्टर मॅडमकडे, कारण फाईल तिथे.

माझ्या अंगात रक्त कमी, पहिल्यापासूनच. मॅडमनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की मळमळायचं, पोट घट्ट व्हायचं आणि... बायका समजून घेतील... शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं. माहेरी गेले आणि सगळं थांबलं! आई रोज जेवणानंतर गोळी स्वतः काढून तळहातावर आणून द्यायची, सोबत लिंबाचं पाणी. मी डोळे मिटून गिळायचे. ना मळमळ, ना काही. "आईच्या हातचं मानवलं मला," असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. आई हसायची आणि परसातल्या कढीपत्त्याची मूठभर पानं फोडणीत टाकायची. "खा गो, यानं रगत वाढतं."

महिन्याने रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन आठ पॉईंट नऊवरून सात पॉईंट आठवर. मॅडम म्हणाल्या, "गोळ्या घेत नाहीस ना?" मी म्हटलं, रोज घेते. "सगळ्या हेच सांगतात," त्या म्हणाल्या. मला रडूच आलं. मी सगळं नीट करत होते आणि माझं शरीरच मला दगा देत होतं! पंधरा दिवसांनी परत टेस्ट करायची ठरली. तेव्हाही वाढलं नाही तर ॲडमिट करून इलाज, आणि एवढ्या कमी रक्तावर बाळंतपणात जास्त रक्तस्राव झाला तर तुझं आणि बाळाचं काही सांगता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्या पंधरा दिवसांनंतरची गोष्ट. सकाळी एसटीने मुरबाड, तिथून दुसऱ्या गाडीने शहापूर. लॅब बाजारातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. अकरा वाजले असतील, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. म्हणजे अंधार, वटवाघळं, काही नाही. नवरा निलेश मला खुर्चीत बसवून पाण्याची बाटली आणायला खाली गेला.

ज्यांच्यात रक्त कमी त्यांना माहीत असेल, शीर सापडतच नाही. लॅबवाल्या ताईने रबर बांधलं, टिचक्या मारल्या, मूठ आवळायला लावली. सुई आत गेली, रक्त आलं नाही. "दुसऱ्या हाताला बघू हं," ती म्हणाली. मी सुईला अशी घाबरते की विचारू नका. कपाळावर घाम आला, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

तेवढ्यात शेजारच्या स्टुलावरच्या बाईने माझा मोकळा हात धरला. मला वाटलं, पुढच्या नंबरची पेशंट. बावीस-तेवीस वर्षांची, बारीक, हिरव्या बांगड्या, चेहरा पांढराफटक. मनात म्हटलं, हिचं तर माझ्याहूनही कमी दिसतंय.

"सुईकडं बगू नको. माज्याकडं बग," ती म्हणाली. "मी पन भ्यायचे. ह्ये बग." तिने मनगट पुढे केलं. त्यावर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके, आणि चौथ्याच्या जागी वेडीवाकडी ओढलेली रेघ. "म्हशाच्या जत्रंत गोंदत व्हते. हात वढला न पळाले. ताईचं पुरं झालं, माजं अर्दंच ऱ्हायलं."

मला हसू आलं. हसता हसता सुई गेली आणि रक्त आलंसुद्धा.

"गोळ्या घेतेस?"

"हो, रोज."

"काळं व्हतं का?"

अनोळखी बाईला काय हे विचारणं! पण मी उत्तर दिलं, "माहेरी आल्यापासून नाही होत."

"मंग गोळी पोटात जात नाय तुज्या," ती शांतपणे म्हणाली. "ताईला सांग, माजं पोर काय मोठं नवतं. माज्यात रगतच नवतं. गोळ्या मी खाल्ल्याच नायत. जिबंखाली धरायचे, ती वळली का गोठ्यामागं थुकायचे."

"कोण ताई?"

"तुजी आय."

"झालं, दाबून धर," लॅबवाली म्हणाली. मी कापसाकडे बघितलं, परत वळले, तर स्टुलावर माझी पिशवी होती. आल्या आल्या मीच ठेवलेली. लॅबवालीला विचारलं, इथे बसली होती ती बाई कुठे गेली? ती म्हणाली, "कोण बाई? तुम्ही एकट्याच बोलत होता. घाबरलात म्हणून बोलू दिलं." जिन्यावर निलेशलाही कुणी भेटलं नव्हतं.

रिपोर्ट आला, सात पॉईंट चार. मॅडमनी दोन दिवसांत ॲडमिट व्हायला सांगितलं. मी कपडे आणायला माहेरी गेले. आईला त्या बाईबद्दल काही बोलले नाही. फक्त म्हटलं, "गोळ्यांचं पाकीट दाखव."

तिने आणलं. गोळ्या लालसरच, पण नाव वेगळं. मुरबाडच्या दुकानातून आणलेल्या साध्या जीवनसत्त्वाच्या.

"माझ्या कुठायत?"

आईची नजर परसात गेली. मी कढीपत्त्याच्या बुंध्याशी बसले आणि काडीने माती उकरली. रंग उडालेल्या, फुगलेल्या गोळ्या, भोवती गंजासारखी माती. औषध टाकून द्यायला आईचा जीव होईना, म्हणून तिने ते झाडाला घातलं! त्या झाडाच्या अंगात माझ्यापेक्षा जास्त लोह होतं, आणि मी त्याचीच पानं कौतुकाने चघळत होते.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. डॉक्टरने खोटारडी म्हटलं ते सोसलं, शरीराला दोष दिला, आणि दगा देणारा हात तोच, ज्याच्यावरचं मी डोळे मिटून गिळत होते.

आई खाली बसली. "काशीला मीच देत व्हते गोळ्या," ती म्हणाली. काशी म्हणजे तिची धाकटी बहीण. तरुणपणीच गेली, एवढंच मला माहीत होतं. घरात तिचा फोटो नाही, तिचं नाव कुणी काढत नाही. "रोज ह्या हातानं. पोर मोठं झालं, सुटलं नाय. दोगंबी गेली. सगळ्या बाया म्हनल्या, गोळ्यांनी पोर वाढलं. मंग तुला कशी देऊ गो?"

"मला विचारायचं तरी!"

"तू ऐकली असतीस?"

तेव्हा मी सांगितलं. तीन ठिपके, ओढलेली रेघ, म्हशाची जत्रा. आईने स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरलं. तिथे पाच ठिपके आहेत, मी जन्मापासून बघत आलेय. मग मी निरोप सांगितला. जिभेखाली धरायची... गोठ्यामागे थुंकायची.

आई एकदम ओरडली, "भवाने!" ते मला नव्हतं. "तीस वर्सं... माज्या हातानं मारली समजून जगले मी. आन सांगाया आता आली? तीबी तुज्याकडं? माज्याकडं नाय?" तिला असं रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

मी ॲडमिट झाले, इंजेक्शनं घेतली, खऱ्या गोळ्या घेतल्या. पुन्हा काळं व्हायला लागलं तेव्हा झालेला आनंद कुणाला सांगू! मुलगी झाली. दोघी नीट आहोत.

निलेश म्हणतो, रक्त कमी होतं, चक्कर आली, लहानपणी कधीतरी कानावर पडलेलं वर आलं. चालेल, मीही लोकांना तेच सांगते. पण आई शपथेवर सांगते की ते गोंदण अर्धं राहिलं हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि थुंकलेल्या गोळ्यांचं तर तिलाही माहीत नव्हतं. ते खरं की खोटं, आता कुणाला विचारायचं?

आईला माफ केलं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगू? अजून पूर्ण नाही केलं. डिलिव्हरीनंतरही गोळ्या चालू आहेत आणि आई अजून तळहातावरच आणून देते. मी आधी पाकीट मागून नाव वाचते. तिला लागतं ते, दिसतं मला. मग मी गोळी गिळते, पाणी पिते, आणि ती तिथून हलत नाही.

"आ कर," म्हणते. "जीब उचल."