भिंत गार आहे

फोन आला तेव्हा दादा वरच्या मजल्यावर भिंतीला हात लावायला गेले होते. दादा म्हणजे माझे सासरे. आमचा लाकडाचा स्टोव्ह पेटवला की संध्याकाळी वर जायचं, आपल्या खोलीतल्या धुराड्याच्या भिंतीला हाताची मागची बाजू टेकवायची आणि खाली येऊन रेणूला फोन करायचा, “भिंत गार आहे.” गेली काही वर्षं हा त्यांचा नेम होता. त्या दिवशी ते जिन्यात असतानाच माझा फोन वाजला. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरहून रेणूची आई, कुमुदमावशी. “मीनल, रेणू गेली गं…” एवढंच बोलल्या. दादा खाली आले, सवयीनं फोनकडे वळले, म्हणाले, “दे तो इकडे, रेणूला सांगतो.” आता या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? सांगितलं कसंबसं. ते खुर्चीत बसले आणि आपला उजवा हात मांडीवर पालथा ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

रेणू धुराडी साफ करायची आणि तपासायची. हाच तिचा व्यवसाय. त्यामुळे आमच्या बॉथेल गावातल्या मराठी मंडळींनी, बातमी कळल्यावर एकूण एकानं मला पहिला प्रश्न विचारला तो हाच: “छपरावरून पडली का?” नाही हो, नाही पडली! एवढी वर्षं निसरड्या छपरांवर मांजरीसारखी फिरली, कधी पाय घसरला नाही तिचा. एका गिऱ्हाइकाच्या दारात गाडी लावून बसली होती, बसल्या जागी हृदय थांबलं. गिऱ्हाइकाला वाटलं, बाई फोनवर बोलतेय. पण लोकांना छप्परच हवं होतं. “तरी म्हणत होतो, बाईमाणसानं असली कामं…” असं एक काका सुरू झाले, तेव्हा मी फोन ठेवून दिला. मी सांगलीची, तोंडाची फटकळ. आणखी दोन वाक्यं ऐकली असती तर त्या काकांचं काही खरं नव्हतं.

ती जन्मानं याच देशातली. न्यू जर्सीत वाढली, शिकून मोठ्या लॅबमध्ये नोकरीला लागली, आणि चाळिशीला आल्यावर एक दिवस ते सगळं सोडून धुराड्यांत शिरली. का, म्हणून मी विचारलं होतं. “लॅबमध्ये मी काय करते ते मलाच दिसायचं नाही. इथे दिसतं. ब्लॅक होतं, आता नाहीये. दॅट्स इट,” म्हणाली. मराठी सगळं आईकडून ऐकलेलं, आणि आईनं देश सोडला त्या काळात थिजलेलं. डोक्यावर हेल्मेट, कपाळावर काजळी आणि तोंडात “अगंबाई” आणि “भलतंच!” ऐकणारा हसू दाबताना बेजार व्हायचा. वेळ पाळणं तिला ठाऊक नव्हतं. जीभ माझ्यापेक्षा तिखट. एकटी राहायची, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं की त्याला कात्रीत पकडायची. मला ती फार आवडायची, सरळ सांगते.

आमचं घर जुनं, बॉथेलच्या कडेला, उंच फरच्या झाडांत. थंडीत वारा सुटला की वीज जाणार हे ठरलेलं, म्हणून आधीच्या मालकांनी लाकडाचा स्टोव्ह बसवलेला होता. त्याचं विटांचं धुराडं दादांच्या खोलीच्या भिंतीतून वर जातं. दादा वाईहून आमच्याकडे कायमचे आले आणि आल्या आल्या त्यांनी स्टोव्हचा ताबा घेतला. वाईला जन्मभर त्यांनी अंघोळीचा बंब पेटवला होता. त्याच शिस्तीत इथलं चालू झालं. दोन लाकडं टाकायची, दार लावून हवा जवळजवळ बंद करायची, आणि आतल्या आत दिवसभर धुमसत ठेवायचं. सरपण वाचतं, ऊब टिकते. अंगणातलं ओलसर लाकूड, नारळाच्या करवंट्या, काही वाया जाऊ द्यायचे नाहीत. माझा नवरा मिलिंद कौतुकानं सगळ्यांना सांगायचा, दादांनी आमचं हीटिंगचं बिल कसं उतरवलं. आम्हाला तरी काय माहीत?

मग विमा कंपनीनं धुराड्याची तपासणी मागितली आणि रेणू आली. आधी बाहेर अंगणात उभी राहून धुराकडेच बघत बसली. “हा स्मोक बघ. जाडा, लेझी. आय डोन्ट लाइक इट.” मग छपरावर चढली, कॅमेरा आत सोडला आणि खाली येऊन आम्हाला स्क्रीन दाखवला. आतली भिंत दिसतच नव्हती. काकवी ओतून वाळवावी तसा काळा, चकाकता थर. धुमसत्या आगीचा धूर वर जाईपर्यंत थंड होतो आणि डांबर होऊन चिकटतो, तिनं समजावलं, आणि ते डांबर पेटलं की विझवायला कुणाच्या बापाला येत नाही. शिवाय आतल्या मातीच्या नळ्यांना तडा गेलेला. म्हणजे आधी ते खरवडायचं आणि मग आतून स्टीलचा नवा नळ घालायचा. नळ यायला वेळ होता. “तोपर्यंत नो फायर. एक काडीसुद्धा नाही,” असं म्हणून तिनं स्टोव्हच्या दाराला लाल चिठ्ठी बांधली.

दादांच्या अंगाचा तिळपापड झाला. “मला विस्तव शिकवते ही? जन्म गेला माझा बंब पेटवण्यात.”

“दादा, तुझ्या बंबाची चिमणी एवढीशी होती, आणि मोकळ्या अंगणात. ही तुझ्या बेडच्या मागून जाते,” ती म्हणाली. हो, ‘तुझ्या’. ती सगळ्यांनाच तू म्हणायची. दादांना तेही लागलं. मग तिनं पाना काढला आणि स्टोव्हच्या दाराची मूठ सोडवायला घेतली. असं बंद केलेल्या स्टोव्हची मूठ ती घेऊनच जायची. दादा बारीक आवाजात म्हणाले, “तेवढं राहू दे.” तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पाना खिशात घातला.

नळ यायच्या आधीच वादळ आलं. सकाळपासून वारा, दुपारी वीज गेली, फोनची रेंज गेली. मिलिंद ऑफिसच्या कामाला परगावी, सनीव्हेलला. घरात मी आणि दादा, आणि दादा नुकतेच न्युमोनियातून उठलेले. घर बघता बघता गार पडत गेलं. दोन स्वेटर, कानटोपी, वर रजई, तरी त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले आणि खोकल्याची ढास थांबेना. “लाव गं तो स्टोव्ह. त्या बाईला कोण सांगतंय?” ते म्हणाले. खोटं कशाला बोलू, माझी नजर काडेपेटीकडे गेली होती. एकीकडे हा थंडीनं काकडणारा म्हातारा, एकीकडे ती लाल चिठ्ठी. गाडीत घालून न्यावं तर रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. शेवटी त्यांना रजईत गुंडाळलं, “कशाला हात लावू नका” असं बजावलं आणि रेंज शोधत चढावरच्या वळणापर्यंत पळत गेले.

फोन लागला. रेणू म्हणाली, “मी येते. पेटवू नका. मीनल, प्रॉमिस मी.” ती जवळच होती. आडव्या झाडापलीकडे गाडी टाकून, फांद्यांतून वाट काढत, पाठीवर पिशवी घेऊन आली. दादांना दोघींनी मिळून झाडावरून पलीकडे काढायचं आणि तिच्या घरी न्यायचं, असं ठरवत आम्ही घराकडे निघालो. वळणावरून घर दिसलं आणि ती थांबली. मला आधी आवाजच ऐकू आला. विमान उडायच्या आधी घुमतं तसा. मग पाहिलं, तर आमच्या धुराड्यातून ठिणग्यांचं कारंजं उडत होतं.

आम्ही धावतच घर गाठलं. दादा आत स्टोव्हपुढे खुर्ची ओढून, हात शेकत निवांत बसले होते. कानानं कमी ऐकतात. डोक्यावर काय गरजतंय त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. मला बघून हसले, “आता कसं बरं वाटतंय!” रेणूनं स्टोव्हची हवा बंद केली, पिशवीतून आग गुदमरवायची कांडी काढून आत फेकली, दार लावलं आणि माझ्यावर ओरडली, “दादाला कारमध्ये बसव! ९११ लाव!” मी दादांना अक्षरशः उचलून अंगणातल्या गाडीत नेऊन टाकलं. खिशातला फोन काढला, नशिबानं आता एक रेघ रेंज आली होती, आगवाल्यांना पत्ता सांगितला. रस्ते बंद आहेत, येतोय, पण वेळ लागेल, असं उत्तर मिळालं. आत जाऊ नका, असंही बजावलं. आणि रेणू तर आतच होती.

मी गेले आत. ती वर दादांच्या खोलीत होती. कपाट ओढून बाजूला केलं होतं, डोळे मिटले होते, आणि हाताची मागची बाजू भिंतीवरून इंचाइंचानं सरकवत होती. वर तो घुमणारा आवाज, आणि ही आपल्याशीच बोलल्यासारखी… “गार… गार… गार आहे…” हात वर सरकला. “गार…” आणखी वर. आणि मग ती काहीच बोलली नाही.

हात झटकून तिनं पिशवीतली कुऱ्हाड काढली. “पाणी!” पंप विजेवर चालतो, म्हणून वादळाआधी मी बाथटब भरून ठेवला होता, तेवढी अक्कल देवानं दिली. ती भिंत फोडत होती, मी बादल्या आणत होते. आत एक लाकडी खांब लालभडक धुमसत होता, दादांच्या उशीपासून हातभर. तिनं त्यावर पाणी मारलं, पुन्हा फोडलं, पुन्हा मारलं. खोकून खोकून दोघींच्या डोळ्यांतून पाणी. वरचा आवाज केव्हा बसत गेला, कळलं नाही. आगवाले आले तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि हात भिंतीला टेकलेलाच होता. त्यांनी कॅमेरा लावून सगळं तपासलं, आत शिरल्याबद्दल आम्हा दोघींना चांगलं फैलावर घेतलं. रेणू मान खाली घालून ऐकत होती. ते गेल्यावर मला म्हणाली, “त्यांचं बरोबर आहे. तू असं कधी करू नकोस.” आणि मग, “मी मूठ न्यायला हवी होती. मला दया आली. स्टुपिड.” मी थर्मासमधल्या चहाचा कप तिच्या हातात दिला.

त्यानंतर दादा कोणाशी बोलेनात. जेवायला हाक मारली की यायचे, खाली मान घालून उठायचे. वाईला परत जातो म्हणाले. घर जाळायला निघालो होतो मी, एवढं एकच वाक्य. मिलिंदनं समजावलं, मी समजावलं, शेवटी मी चिडलेही, उपयोग शून्य. वसंतात रेणूनं नवा स्टीलचा नळ बसवला आणि काडेपेटी दादांच्या हातात दिली. ते हात मागे घेत होते. “भलतंच! तूच लावायचा,” ती म्हणाली. “फक्त कंजूषपणा नको. कोरडं लाकूड, मोठा जाळ, हवा ओपन. आणि रोज भिंतीला हात लावून मला फोन करायचा. फोन नाही आला तर मी येऊन मूठ घेऊन जाणार.”

दादांनी स्टोव्ह पेटवला. संध्याकाळी वर गेले, खाली आले आणि नोकरीवर रुजू झाल्याची वर्दी द्यावी तशा आवाजात फोनवर म्हणाले, “रेणू, भिंत गार आहे.” तिकडून मोठ्यानं उत्तर आलं, “शाब्बास. आता जेव.” पुढच्या हिवाळ्यात तो फोन लांबत गेला. तू काय जेवलीस, आज कुणाचं धुराडं, त्यात पक्ष्याचं घरटं निघालं की काय… मग ‘तू’चंही दादांना काही वाटेनासं झालं. वाईचं नाव पुन्हा निघालं नाही.

ती गेल्यावर स्टोव्ह बंदच होता. थंडी वाढली, वर्षाची तपासणी करायची होती, म्हणून मी दुसऱ्या माणसाला बोलावलं. वयस्कर, मोजकं बोलणारा. सगळं बघून म्हणाला, काम उत्तम केलंय, बेलाशक पेटवा. जाता जाता मी भिंतीचंही विचारलं. तो म्हणाला, या नळाला बाहेरून जाड आवरण आहे, ती भिंत आता गरम होऊच शकत नाही. रोज हात लावायची काही गरज नाही. पहिल्या दिवसापासूनच नव्हती.

मी चाट पडले. म्हणजे हे रेणूला ठाऊक असणारच! मग या म्हाताऱ्या माणसाला रोज जिना चढायला लावून फोन कशाला करायला लावायची? तो गेल्यावर मी दादांना भीत भीतच सांगितलं, वाटलं, त्यांना फसवल्यासारखं वाटेल.

“मला माहीत होतं,” दादा म्हणाले.

“काय?”

“अगं, जन्म गेला माझा विस्तवाजवळ. भिंत कधी तापणार आणि कधी नाही, एवढं मला कळत नाही? पहिल्याच हिवाळ्यात कळलं.” मग म्हणाले, “ती एकटी राहायची ना. संध्याकाळी कुणीतरी फोन करायला हवा तिला.”

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसले. दादांनी स्टोव्ह पेटवला, कोरडी लाकडं, मोठा जाळ, हवा उघडी, अगदी तिनं सांगितल्यासारखा. अंधारायला लागलं तसे जिन्यावर त्यांचे पाय वाजले. वर गेले. थोड्या वेळानं खाली आले आणि म्हणाले, “मीनल, रेणूच्या आईचा नंबर लावून दे.” मी लावून दिला.

“कुमुदताई, मी बॉथेलहून बोलतोय, मीनलचा सासरा,” दादा म्हणाले. “भिंत गार आहे.”

तिकडून कुमुदमावशींचा आवाज आला, “बरं. आता जेवून घ्या… आणि उद्याही करा.”