मास्तरांचे स्पीकर

माणसाला एखादा छंद असावा, असं उठसूट सांगणाऱ्यांचा मला राग येतो. छंदात माणूस रमतो हे खरं. पण तो छंद माणसाचं काय काय खातो, हे कोणी सांगत नाही. आमच्या छंदांनी आमच्यातल्या एकाचे कान खाल्ले, आणि तोच एक असा होता की ज्याचं पोट कानावर चालत होतं.

बहात्तरच्या दुष्काळाआधीची दोन-तीन वर्षं. मी जळगावला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कचेरीत खर्डेघाशी आणि घरी सुतारकाम. मुंबईहून मागवलेले स्पीकर सागवानी खोक्यांत बसवायचे, खोक्याला आतून कापसाचं जाड अस्तर लावायचं म्हणजे आवाज घुमत नाही, आणि जोडी तयार झाली की गिऱ्हाईक शोधायचं. गिऱ्हाईक म्हणजे लग्न ठरलेला मुलगा, नाहीतर नवं हॉटेल काढणारा. विकायची जोडी दारातून जाताना मला दर वेळी मुलगी सासरी पाठवल्यासारखं व्हायचं, आणि मित्र त्यावरून माझी यथेच्छ टिंगल करायचे.

मित्र दोन. पहिला जिनिंग फॅक्टरीचा मालक, त्याला आम्ही शेठ म्हणायचो. घराणं मूळ राजस्थानचं, आजोबांपासून खानदेशात. घरात कांदासुद्धा चालत नसे, पण कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर. खेड्यापाड्यांत रोकड न्यावी लागते म्हणून त्याने ते घेतलं, आणि मग त्याचा नादच लागला. पाखरावर त्याने कधी नेम धरला नाही. जीव असेल तिकडे नळी वळवायची नाही, हा त्याचा नियम. शेठ साधं ‘चहा घ्या’ म्हणाला तरी रस्त्यापलीकडच्या माणसाला ऐकू जायचं. मालक लोकांना मजुरांवर ओरडायची सवय असते, म्हणून आम्ही ते सोडून द्यायचो.

दुसरे मास्तर. एका हायस्कुलात कवायत शिकवायचे आणि शाळेचा बँड त्यांच्याकडे होता. मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी. आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, पण छातीने आम्ही दोघे मिळून त्यांच्यात बसलो असतो. तरुणपणी ते धुळ्यात पोलीस बँडमध्ये होते, आणि त्या आठवणी सांगताना ते बसत नसत, उभं राहून सांगत. मे महिन्यात रस्त्याचं डांबर वितळायचं, बूट चिकटायचे, आणि तरी पाऊल चुकवायचं नाही. एका अधिकाऱ्याच्या अंत्ययात्रेला ढोलांवर काळं कापड बांधून वाजवलं होतं. ते सांगताना ते टेबलावर रुमाल पसरायचे आणि बोटांनी ताल धरायचे. मग म्हणायचे, “भाऊ, बँड म्हणजे ढोल नही. ढोल कोन्हीबी बडवी. बँड म्हणजे बासरी.”

म्हणूनच माझी सगळ्यात चांगली जोडी त्यांच्याकडे होती. त्या जोडीत भारी आवाजाचा मोठा स्पीकर होता आणि बासरी, सतार, पैंजण अशा बारीक आवाजासाठी वेगळा छोटा. दिवाळीच्या पैशांत त्यांनी ती घेतली आणि घरी रोज बासरीची एकच रेकॉर्ड लावायचे. शेजारी कंटाळले, हे नाहीत कंटाळले.

रविवारी दुपारी आम्ही शेठच्या फॅक्टरीत जमायचो. पावसाळ्यात जिनिंग बंद असायचं, गोदामात दाबलेल्या कापसाच्या जुन्या गाठी पडून. एका डागी कापसाच्या गाठीवर शेठ खडूने वर्तुळ काढायचा. ती गाठ आधी बादल्या ओतून भिजवायची, नाहीतर एका ठिणगीने सगळ्याची होळी. मग दारं लावून घ्यायची, कारण परवाना शेठचा आणि गोळ्या झाडणार आम्ही तिघे. वर पत्र्याचं छप्पर. कानात कोणी काय घालायचं? अहो, कापसाच्या गावात हा प्रश्न पडतो का? समोरच्या ढिगातून चिमूटभर ओढायचा, बोळा करायचा, कानात घालायचा.

कापूस आवाज पितो, यावर आमचा देवावर नसेल एवढा विश्वास होता. गाठींच्या मध्ये उभं राहून बोललं की आवाज खरोखर दबका यायचा. माझ्या खोक्यांतही तोच कापूस तेच काम करत होता. त्यामुळे भिंतींना गाठी आणि कानांना बोळे म्हटल्यावर आता कसली भीती, असं आम्ही तिघेही मानून चाललो. बोलण्याचा आवाज आणि गोळीचा आवाज यांत म्हैस आणि मालगाडी एवढा फरक असतो, हे सांगायला तिथे होतं कोण?

मी दोनदा गोळी झाडली. दोन्ही वेळा कानात रातकिडे शिरल्यासारखं झालं आणि रात्रभर ते किरकिरत राहिले. मी म्हटलं, हा खेळ आपल्या बापजाद्यांनी केला नाही, आपणही करू नये. पुढे मी दाराबाहेर पेंडीच्या पोत्यांवर बसायचो आणि दोघांच्या शिव्या खायचो. मास्तर मात्र रमले. पोलीस बँडातला माणूस, हात दगडासारखा स्थिर. स्वतःच्या गोळ्या झाडून झाल्या की शेठच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि नेम कुठे लागला ते ओरडून सांगायचे. दोन पावसाळे हे चाललं.

मग एका रविवारी मास्तर माझ्याकडे आले ते रागातच. म्हणाले, “भाऊ, तुनं खोकं बिघडी गयं. तो बारीक स्पीकर मरी गया.”

स्पीकरवर कोणी बोललं की मी जागचा उठतो. शेठलाही बोलावलं, म्हटलं साक्षीदार असू दे. आम्ही तिघे मास्तरांच्या घरी गेलो. मी मागची फळी खोलली, तारा तपासल्या, सगळं जागच्या जागी. मास्तरांनी त्यांची ती रेकॉर्ड लावली. सुरुवातीला तंबोरा, मग बासरी वर चढत जाते, चढत जाते आणि अगदी टोकाला जाऊन थांबते. माझा छोटा स्पीकर असा गोड वाजत होता की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

“हाई देखा,” मास्तर म्हणाले. “आते बासरी पाहिजे. कोठे शे?”

बासरी खोलीभर होती. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या आणि मान स्पीकरकडे झुकवून ते वाट बघत होते. आत त्यांच्या पत्नी भाकरी थापत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “घरमा बी दोनदा सांगनं पडस यास्ले.” मास्तर हसले. कोणत्या बायकोला नवऱ्याला दोनदा सांगावं लागत नाही?

मला हसू आलं नाही. मी आढेवेढे घेतले नाहीत, तोंडावर सांगितलं, “मास्तर, बासरी वाजते आहे. स्पीकर चांगला आहे. तुमच्या कानांना ती ऐकू येत नाही. डॉक्टरला दाखवा, आणि ते गोदाम बंद करा.”

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं. “मना कानले काय धाड भरनी? तुले खोकं करता येत नही, आनि नाव मना कानले ठेवस?” शेठही त्यांचीच री ओढत गरजला, “अरे, मी दहा वर्षं मारतोय गोळ्या! मला काय झालं?” भिंतीवरची चित्रं थरथरली. त्या क्षणी मला कळलं की शेठला काय झालं होतं. पण एका दिवसात दोन मित्रांना बहिरं म्हणण्याची माझी छाती झाली नाही. मी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला आणि निघालो.

मास्तर गावभर सांगत सुटले की माझे स्पीकर वर्षभर टिकत नाहीत. माझी दोन गिऱ्हाइकं फिरली. मी चिडलो, घरी आदळआपट केली. पण खरं सांगतो, स्पीकरच्या बदनामीपेक्षा मला भीती वाटत होती ती शाळेच्या मैदानाची. माझी कचेरी त्या मैदानाला लागून होती. डिसेंबरपासून सव्वीस जानेवारीच्या संचलनाची तालीम सुरू झाली आणि मास्तरांचा आवाज खिडकीतून आत येऊ लागला. “फुका! जोरमा फुका! बासऱ्या कोठे शेतीस?” पोरं फुंकायची. मास्तर म्हणायचे, अजून. ढोल त्यांना ऐकू येत होता, ताशा ऐकू येत होता. फक्त बासऱ्याच कुठे गेल्या होत्या. फुंकून फुंकून पोरांचे गाल दुखायला लागले. पण कवायतीच्या मास्तरांना ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असं कोण म्हणणार? मुख्याध्यापकांना वाटलं, नवी पद्धत असेल.

मी एकदा मैदानात जाऊन मास्तरांना गाठलं. त्यांनी मला पाहून पाठ फिरवली.

सव्वीस जानेवारीला पोलीस परेडच्या मैदानावर अख्खं जळगाव लोटलं होतं. नशिराबाद, एरंडोलकडूनही शाळा आल्या होत्या. मंडपात साहेब लोक, मागे त्यांच्या बायका-मुली. मास्तरांचा बँड आला. पुढे मास्तर, पांढरे हातमोजे, हातात चकाकणारी काठी. मंडपासमोर काठी वर गेली आणि बासऱ्या सुरू झाल्या.

बासरीत प्रमाणाबाहेर फुंक घातली की सूर फाटतो आणि वरच्या पट्टीत किंचाळतो. अशा वीस बासऱ्या एकदम किंचाळत होत्या. माझ्या शेजारच्या बाईच्या कडेवरचं लेकरू रडायला लागलं. दुसऱ्या शाळेची पोरं हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. मंडपात एका साहेबांनी कान झाकले.

आणि मास्तर आनंदात होते. असा आनंद मी त्यांच्या तोंडावर त्याआधी कधी पाहिला नव्हता. डोळे भरून आले होते, छाती पुढे काढून ते चालत होते. कारण त्या दिवशी, कित्येक महिन्यांनी, त्यांना बासऱ्या ऐकू येत होत्या.

मग त्यांनी मंडपाकडे मान वळवून सलामी दिली आणि कान झाकलेले साहेब त्यांना दिसले. हसणारी पोरं दिसली. त्यांनी मागे वळून स्वतःच्या पोरांकडे पाहिलं. मानेच्या शिरा फुगलेल्या, दोघा-तिघांच्या डोळ्यांत पाणी. मास्तरांचं पाऊल चुकलं. डांबरात बूट चिकटायचा तेव्हाही न चुकणारं पाऊल. काठी खाली आली, पण ढोल थांबला नाही, त्यांना ओलांडून पुढे गेला, आणि त्या ढोलामागून ते मैदानाबाहेर गेले. मला तेव्हा माझं खरं ठरल्याचं जरासुद्धा समाधान वाटलं नाही. आपण खोटे ठरलो असतो तर किती बरं झालं असतं, एवढंच वाटलं.

बँड दुसऱ्या शिक्षकाकडे गेला. डॉक्टरने मास्तरांना सांगितलं की गेलेलं परत येत नाही. शेठने गोदामातली ती गाठ विकून टाकली आणि स्वतःचे कान कधीच तपासून घेतले नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला मास्तर हातगाडीवर ती जोडी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मधल्या दिवसांत आम्ही एका शब्दानेही बोललो नव्हतो. म्हणाले, “भाऊ, इकी टाक.” मी म्हटलं, “विकायची कशाला? ठेवा ना घरी, घरच्यांना ऐकायला होतील.” ते म्हणाले, “घरमा ऐकस कोन?” आणि स्वतःच एकेक खोकं उचलून आत आणून ठेवलं.

गिऱ्हाईक बोदवडचं होतं, नुकतंच लग्न झालेलं जोडपं. ते आले तेव्हा मास्तरही आले, काखेत ती रेकॉर्ड घेऊन. मी बोलावलं नव्हतं. नवऱ्या मुलाने विचारलं, “बारीक आवाज येतो ना नीट?” मी मास्तरांचीच रेकॉर्ड लावली. तंबोरा सुरू झाला. तो मुलगा आणि त्याची बायको खोक्यांकडे बघत होती. मास्तर खोक्यांकडे बघत नव्हते, ते माझ्या तोंडाकडे बघत होते. बासरी कधी सुरू होते, हे कळायची त्यांना आता तेवढीच एक जागा उरली होती. सूर वर चढला तशी मी मान हलवली.

मास्तर त्या मुलाकडे वळले. “ऐक पोऱ्या,” ते म्हणाले, “कशी गोड वाजस.”